दुसरा दोर

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. हिमायतनगरमध्ये आमच्या सोसायटीचं बाहेरून रंगकाम चालू होतं. सकाळी चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत चहा घेऊन बसलो होतो, तेवढ्यात वरून दोन अनवाणी पाय खाली आले. मग फळी आली, मग रंगाची बादली, आणि मग वीस-बावीस वर्षांचा एक हसरा मुलगा. "गुड मॉर्निंग, अंकल," तो म्हणाला आणि माझ्या डोळ्यांसमोर भिंत घासायला लागला. फळीला दोन बाजूंनी दोर, ते वर एका दोराला बांधलेले, आणि तो दोर गच्चीवर कशाला तरी. बास. कमरेला काही नाही, पाठीला काही नाही.

माझा चहा तसाच राहिला. आतून बायको म्हणाली, "अहो, बघत काय बसलाय? त्यांना सवय असते."

त्यांना सवय असते. हे वाक्य मी जहाजावर इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि स्वतःही इतक्या वेळा म्हटलं आहे, की ते घरात ऐकल्यावर पोटात कसंतरी झालं.

मंडळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे की मी मर्चंट नेव्हीत होतो. हैदराबादला मी तसा जावई म्हणूनच आलो. बायकोचं घराणं इथलं, तिची शाळा विवेक वर्धिनी, तिचं अर्धं मराठी दखनीत भिजलेलं. निवृत्तीनंतर इथेच राहायचं ठरलं, तेव्हा माझे मुंबईचे मित्र म्हणाले, "अरे, तिथे समुद्र कुठे?" मी सांगतो, हुसेनसागर आहे, संध्याकाळी त्यावर शिडाच्या होड्या दिसतात, म्हाताऱ्या खलाशाला तेवढं पुरतं.

गणपतीत किंवा कोजागरीला तुम्ही तरुण मंडळी मला वादळाबद्दल विचारता, चाचे भेटले का म्हणून विचारता. रंगकामाबद्दल आजवर कुणी विचारलं नाही. पण खरं सांगू? डेकवर काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात वादळं मोजकी आणि रंगकाम रोजचं. खाऱ्या हवेत लोखंड एक दिवसही गप्प बसत नाही. गंज खरवडायचा, प्रायमर मारायचा, रंग मारायचा, आणि जहाजाच्या शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला परत गंज आलेला असतो. त्यातली निम्मी कामं उंचीवरची असतात. डोलकाठी, धुराडं, क्रेनचे हात, मालाच्या खोल तळघरांच्या आतल्या भिंती, बाहेरून जहाजाचं अंग. माणसं मोठ्या वादळात मरतात असं गोष्टीत असतं. जहाजावर माणूस बहुतेक वेळा शांत दिवशी, बंदरात, हातात ब्रश घेऊन पडतो.

मी 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावरून बाहेर पडलो आणि १९८१ मध्ये कॅडेट म्हणून पहिल्या जहाजावर चढलो. 'राजेंद्र' म्हणजे जुन्या 'डफरिन'ची वारसदार. १९२७ पासून 'डफरिन'वर मुलं तयार होत होती, १९७२ मध्ये तिची जागा 'राजेंद्र'ने घेतली, आणि १९९३ पासून ते शिक्षण नेरूळला 'चाणक्य'मध्ये जमिनीवर आलं. माझ्या पहिल्या जहाजाचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान होते. त्यांचे वडील आणि आजोबाही बोटीवर. आम्ही कॅडेट त्यांना सारंगचाचा म्हणायचो आणि कॅप्टनपेक्षा जास्त घाबरायचो.

चाचांनी मला पहिल्यांदा बोसन चेअरवर बसवलं. नाव खुर्चीचं, पण ती असते एक जाड फळी, चार कोपऱ्यांतून दोर ओवलेली. तो दोर वर डोलकाठीवर कप्पीतून जातो आणि खाली येतो. वर ओढायला खाली माणसं, आणि काम करत खाली उतरायचं ते स्वतःच, एका खास गाठीने थोडा थोडा दोर सोडत. बसण्याआधी चाचा दोराची झडती घ्यायचे. मनिला दोर असेल तर पीळ उलटा फिरवून आतला धागा बघायचे. बाहेरून सोन्यासारखा दिसणारा दोर आतून भुसा झालेला असतो. मग नाकाला लावायचे, कुबट वास आला की बाद. मग खुर्ची जमिनीपासून हातभर वर उचलून आम्ही तीन-चार जण एकदम तिच्यावर लोंबकळायचो. तिने आम्हाला पेललं तरच एक माणूस वर.

मग आरोळी. "हाबेस!" म्हणजे ओढ. "आरिया!" म्हणजे सोड. आरिया हा शब्द पोर्तुगीज खलाशांकडून आलेला. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरच्या लष्करांनी, म्हणजे खलाशांनी, तो उचलला आणि त्यांच्या मिश्र बोलीत तो मुरला. क्रेनने वजन उचलणाऱ्या खलाशांच्या तोंडी तो आजही आहे. कधी एखाद्या बांधकामावर कान देऊन ऐका. समुद्र हैदराबादेत असा शब्दांतून येतो.

चाचांनी मला सगळ्या जगातल्या खलाशांचा नियम सांगितला, एक हात जहाजाचा, एक हात आपला. एका हाताने काम कर, दुसऱ्याने धरून राहा. हा शिडांच्या काळापासूनचा नियम. तेव्हा डोलकाठीवरच्या आडव्या काठीवर पोट टेकून, पायाखाली फक्त एक ताणलेला दोर, अशा अवस्थेत माणसं वादळात शिडं गुंडाळायची. त्यांना बांधणारं काही नसायचं. जो नियम होता तो एवढाच, आपला हात.

सेफ्टी बेल्ट आमच्या जहाजावर नव्हते असं नाही. बोसन स्टोअरमध्ये खिळ्याला तीन टांगलेले असायचे. कमरेचा पट्टा आणि त्याला दोर. वरून तपासणीला कुणी येणार असेल तेव्हा ते खाली यायचे, धूळ झटकली जायची. बाकी वेळी कुणी घालत नसे, कारण बेल्ट घालणं म्हणजे भीती वाटते हे कबूल करणं. दोराची इतकी काळजी घेणारे आमचे चाचासुद्धा स्वतः कधी बेल्ट घालत नसत. साठीला आलेला माणूस, बिडी ओठांत धरून डोलकाठीवर चढायचा. आम्ही खालून बघायचो आणि मनात म्हणायचो, खलाशी असावा तर असा. चांगल्या खलाशाचं माप आमच्याकडे हे होतं, की त्याला भीती वाटत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते घरातही फारसं बोललेलो नाही.

१९८६ मध्ये मी थर्ड ऑफिसर होतो. जहाज एका परदेशी बंदरात होतं. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं आणि डोलकाठीचा वरचा भाग रंगवायचा राहिला होता. वरून हुकूम होता की आज संपवा. काम एका खलाशाकडे आलं. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान, कोकणातलाच. आदल्या रात्री माल उतरवताना त्याची पहाटेपर्यंत ड्यूटी झाली होती. सकाळी डेकवर तो म्हणाला, "डोकं जड वाटतंय. दुपारनंतर चढलं तर चालेल का?" त्यावर कुणीतरी म्हणालं, "काय रे, घाबरलास का?" आणि सगळे हसले.

मीही हसलो. अधिकारी मी होतो. 'थांब, दुपारी चढ' असं म्हणायचा अधिकार मला होता की नाही हे मला नीट ठाऊक नव्हतं, पण म्हणून बघायला कुणी अडवलं नव्हतं. मी हसलो आणि माझ्या कामाला गेलो.

तासाभराने आवाज आला. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. दहा-बारा मीटरवरून तो तळघराच्या लोखंडी झाकणावर पडला होता. खुर्चीवरून डोलकाठीच्या शिडीवर सरकताना हात सुटला असावा. दोर शाबूत होता, गाठ शाबूत होती, खुर्ची वर रिकामी हलत होती.

तो वाचला. कंबर आणि पाठीचा कणा मोडला. तिथल्या इस्पितळात दोन महिने, मग घरी. पुन्हा जहाजावर कधी आला नाही. लॉगबुकात नोंद माझ्या हातची आहे. सांगितलं तसं मी लिहिलं, की काम करताना तोल जाऊन पडला. त्यात खोटं काही नव्हतं. पण तो रात्रभर झोपला नव्हता हे त्यात नव्हतं. बेल्ट खिळ्यावर होता हे नव्हतं. आम्ही हसलो होतो हे तर नव्हतंच. वाचणाऱ्याला वाटावं, चूक त्या एका माणसाच्या पायांची होती.

दोनेक वर्षांनी सुट्टीत मी त्याच्या गावी गेलो. काठी घेऊन चालत होता, अंगणात सुपारी वाळत घातली होती. त्याच्या आईने घावन आणि चहा दिला. निघताना तो म्हणाला, "साहेब, अर्ध्यावर गेल्यावर मला वाटलं होतं, खाली यावं. पण खाली आलो असतो तर तुम्ही सगळे परत हसला असतात." तो रागाने बोलला नाही. त्याने फक्त सांगितलं. मी रत्नागिरीच्या एसटीत बसेपर्यंत मला त्याच्याशी काय बोलावं ते सुचलं नव्हतं, आणि अजून सुचलेलं नाही.

याच सुमारास दूर युरोपात एक मोठा अपघात झाला होता, आणि त्याने आमचं सगळं जग हळूहळू बदललं. ६ मार्च १९८७. बेल्जियममधल्या झेब्रुग बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' नावाची फेरी बोट निघाली ती पुढचं दार उघडंच ठेवून. काही मिनिटांत पाणी आत शिरलं, बोट कलंडली, १९३ माणसं गेली. दार बंद करायचं काम ज्याचं होतं तो असिस्टंट बोसन आपल्या केबिनमध्ये झोपला होता. आमच्या पद्धतीने लॉगबुक लिहिलं असतं तर तिथेच संपलं असतं, 'बोसन झोपला होता'. पण चौकशी तिथे थांबली नाही. दार बंद झालंय की नाही हे वर कॅप्टनला कळायची सोय का नव्हती, निघायची इतकी घाई का होती, कार्यालयातल्या लोकांना आधी सूचना मिळूनही त्यांनी काय केलं, असं विचारत चौकशी झोपलेल्या माणसापासून कंपनीच्या वरच्या मजल्यापर्यंत गेली.

त्यातून पुढे आयएसएम कोड आला, म्हणजे जहाज सुरक्षित चालवण्याची लिखित पद्धत प्रत्येक कंपनीने ठेवायची आणि तिची जबाबदारी किनाऱ्यावरच्या माणसानेही घ्यायची. १ जुलै १९९८ पासून तो प्रवासी जहाजं, टँकर आणि बल्क कॅरिअर यांना बंधनकारक झाला, आणि २००२ पासून इतर मालवाहू जहाजांना. मी तेव्हा बल्क कॅरिअरवर चीफ ऑफिसर होतो. आमच्याकडे फायलींची खोकी आली, आणि आम्ही मनसोक्त शिव्या दिल्या. उंचीवर चढायचं असेल तर आता परवाना, 'वर्क परमिट'. कोण चढणार, किती वाजता, किती वाजेपर्यंत. हवामान कसं आहे, जहाज डोलतंय का. दोर आणि हार्नेस कुणी तपासले. रडार बंद केलं का, कारण त्याचा फिरणारा हात माणसाला ढकलू शकतो आणि त्याच्या लहरीही बऱ्या नव्हेत. धुराड्याजवळ काम असेल तर इंजिनरूमला सांगितलं का, नाहीतर ऐन वेळी वाफ किंवा गरम धूर सोडतील. भोंग्याजवळ असेल तर भोंग्याची वीज आणि हवा तोडली का. हत्यारं दोरीने बांधलेली आहेत का, कारण वरून पडलेला पाना खालच्याचा जीव घेतो. खाली सतत लक्ष ठेवणारा कोण. चढणाऱ्याला अनुभव किती आहे. आणि शेवटी सह्या.

खरं सांगतो, पहिले काही महिने आम्ही काम आधी करायचो आणि कागद संध्याकाळी भरायचो. सगळ्या चौकोनांत बरोबरची खूण. तुमच्या ऑफिसातही असे कागद असतील, तुम्हाला नवल वाटणार नाही.

मग एक दिवस मी तो कागद पहिल्यांदा वाचला. एक नवा मुलगा भोंग्याच्या शेजारचा खांब रंगवायला चढणार होता. मी चौकोनांत खुणा करत होतो, आणि 'भोंगा बंद' या ओळीवर पेन थांबलं. कोण जाणे का. मी ब्रिजवर फोन केला. भोंगा चालू होता, आणि दुपारी ठरल्याप्रमाणे त्याची चाचणी घ्यायची होती. काही मैलांवर ऐकू जाणारा तो आवाज कानापासून दोन हातांवर वाजला असता तर तो मुलगा दचकला असता, आणि दचकलेल्या माणसाचा पहिला हात कानाकडे जातो, जहाजाकडे नाही. आम्ही भोंगा बंद केला, पाटी लावली, तो चढला, रंग देऊन उतरला, जेवायला गेला. काहीच घडलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'काहीच घडलं नाही' याची नोंद कुठल्याही लॉगबुकात होत नाही, म्हणून असे किती जण वाचले हे कुणालाच कधी कळत नाही. त्यानंतर माझ्या जहाजावर कागद संध्याकाळी भरला गेला नाही.

साधनंही बदलली, आणि त्यांच्यामागेही माणसं आहेत. कमरेचा पट्टा माणसाला जमिनीपासून वाचवायचा, पण झटका बसला की सगळं वजन पोटावर आणि कण्यावर यायचं. काही जण पट्ट्यातून निसटून जायचे. म्हणून मांड्या, छाती आणि खांदे धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस आला. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला थोपवण्यासाठी नुसता कमरपट्टा चालणार नाही असा नियम झाला. दोरात झटका शोषून घेणारी, उसवत जाणारी पट्टी आली. मग कळलं की हार्नेसमध्ये लटकलेला माणूसही फार वेळ लटकू शकत नाही. पायांत रक्त साचतं, शुद्ध जाते. म्हणून आता चढण्याआधीच विचारायचं, हा लटकला तर याला खाली कोण आणि कसं आणणार? आणि सगळ्यात शहाणपणाचा बदल हा, की मुळात चढायची गरज आहे का असा प्रश्न आधी विचारायला लागलो. लांब दांड्याचा रोलर, हलवता येणारा मचाण, आणि मोठी कामं गोदीत. सर्वांत सुरक्षित खलाशी तो, ज्याला वर जावंच लागत नाही.

हे वाचून जुने लोक म्हणतात, आजकालच्या मुलांना लोण्यासारखं सांभाळतात. दहीहंडीबद्दलही आपण हेच ऐकलं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची वीस फुटांवर आणली, तेव्हा केवढी आरडाओरड झाली. पुढे उंचीची अट गेली, पण चौदा वर्षांखालच्या मुलांना बंदी राहिली, आणि आज कितीतरी ठिकाणी वरच्या गोविंदाच्या पाठीला वरून सोडलेला दोर दिसतो. त्या दोराने हंडीची मजा गेली का? मला तर खालून बघताना पहिल्यांदाच नीट श्वास घेता आला.

आणि नियम आले म्हणजे पडणं संपलं असंही नाही. आपल्या नौदलाची 'तरंगिणी' तुम्ही फोटोत पाहिली असेल. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली, १९९७ मध्ये नौदलात आलेली, तीन डोलकाठ्यांची. २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्यावर आजही मुलं शिडं बांधायला वर चढतात, कारण उंचीवर डोकं शांत ठेवणं हा त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. जर्मनीच्या अशाच 'गॉर्च फॉक' जहाजावर नोव्हेंबर २०१० मध्ये, ब्राझीलच्या बंदरात असताना, एक तरुण कॅडेट मुलगी डोलकाठीवरून पडून गेली. तिच्याबरोबरच्या तुकडीचं प्रशिक्षण थांबवलं गेलं, आणि पुढे त्यांच्या नौदल अकादमीत जमिनीवर सरावासाठी डोलकाठी उभी राहिली. नियमांच्या पुस्तकात ओळ वाढते ती बहुतेक वेळा अशी. प्रत्येक ओळीखाली कुणाचं तरी नाव असतं, फक्त ते छापत नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सध्या एका टँकरवर कॅडेट आहे. आमच्या वेळी 'राजेंद्र'वर मुली नव्हत्या, आता ही मला मामा म्हणून रडारचे नवे प्रकार शिकवते. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर सहज सांत्वन करावं तशा आवाजात म्हणाली, "मामा, आज मी काम थांबवलं." तिला वर चढायचं होतं. हार्नेसवरचं लेबल बघितलं तर तपासणीची तारीख उलटून गेलेली. तिने बोसनला सांगितलं, मी यात चढणार नाही. बोसन कुरकुरला, दुसरा हार्नेस आणायला अर्धा तास गेला, मग ती चढली.

"कुणी हसलं का?" मी विचारलं.

"कशाला हसतील?" ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

ती फोन ठेवून गेल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. चाळीस वर्षांत काय बदललं असं मला कुणी विचारलं तर मी हार्नेस दाखवणार नाही, कागद दाखवणार नाही. वीस वर्षांची मुलगी पन्नाशीच्या बोसनला 'नाही' म्हणते आणि ते कुणाला विशेष वाटत नाही, हे दाखवेन. हार्नेस तर १९८६ मध्ये नव्हता, पण बेल्ट होता. नव्हती ती 'नाही' म्हणायची सोय.

तर पुन्हा बाल्कनीत. मी गच्चीवर गेलो. दोर पाण्याच्या पाइपला बांधला होता, आणि कठड्याच्या कडेवर घासत होता. तिथे गोणपाटसुद्धा नव्हतं. ठेकेदार खाली चहा पीत होता. मी त्याला दुसऱ्या दोराचं, हार्नेसचं विचारलं. तो नम्रपणे म्हणाला, "बीस साल से कर रऊं साब, कुछ नै हुआ." मला त्याचा राग आला नाही. 'कुछ नै हुआ' हेच आमच्या जहाजावरही ५ वर्षं, १० वर्षं खरं होतं.

सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं की काम दोन दिवस थांबवू. लगेच उत्तरं आली. आधीच उशीर झालाय. ही जबाबदारी ठेकेदाराची. दर ठरलेला आहे, जास्तीचे पैसे कोण देणार. कुणीतरी हसण्याचं चित्रही टाकलं. त्या रविवारी मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि १९८६ ची गोष्ट सांगितली. माझ्या हसण्यासकट. सेक्रेटरी तेलुगू गृहस्थ आहेत, फार बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "किती लागतील?" आणि सोमवारी आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून राणीगंजच्या बाजारात गेलो. दोन हार्नेस, जाड दोर, आणि दोरावर सरकणारी, झटका बसला की घट्ट धरणारी दोन क्लॅम्प. भागून प्रत्येक फ्लॅटला आलेला खर्च एका कुटुंबाच्या बिर्याणीपेक्षा कमी होता.

हार्नेस पाहून तो मुलगा लाजला. "नक्को, साब." बाकीचे दोघे हसायला लागले. ते हसू मी ओळखतो. मग मी दुसरा हार्नेस स्वतः अंगावर चढवला आणि पोट सुटलेला म्हातारा गच्चीवर तसाच उभा राहिलो. आता सगळे मलाच हसले, ते बरं झालं. दुसरा दोर आम्ही वेगळ्या जागी, पाण्याच्या टाकीखालच्या काँक्रीटच्या खांबाला बांधला. कडेखाली जुनी गादीची पट्टी घातली. चाचांसारखं तिघांनी लोंबकळून बघितलं.

मग मी त्याला विचारलं, "डर लगता क्या?"

त्याने आधी ठेकेदाराकडे बघितलं. मग म्हणाला, "इधर नै लगता साब. वो पीछे के कोने में लगता."

आम्ही मागच्या कोपऱ्यात गेलो. तिथला कठडा आतून भेगाळला होता. हात लावला तर सिमेंटचा तुकडा निघून हातात आला. आठवडाभर तो मुलगा त्या कोपऱ्याखाली उतरायचा दिवस पुढे ढकलत होता. त्याला ठाऊक होतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. ठेकेदारानेही तो तुकडा बघितला आणि तो कोपरा आधी दुरुस्त करून घेतला.

संक्रांतीच्या आधी रंग पूर्ण झाला. फिकट पिवळा, माझ्या मते जरा जास्तच पिवळा. तिळगूळ द्यायला बोलावलं तेव्हा त्या मुलाने विचारलं, हार्नेस पुढच्या बिल्डिंगला नेऊ का. एक त्याला देऊन टाकला. दुसरा आमच्या वॉचमनच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे, आणि तो तिथे नुसता टांगलेला राहू नये एवढी माझी इच्छा आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी उन्हाळ्याच्या तोंडावर एसीवाला येईल. खिडकीबाहेरच्या वीतभर सज्ज्यावर उतरेल, एक पाय आत, एक बाहेर. तो सांगेल की सवय आहे. तेव्हा त्याला दोन गोष्टी विचारा. दुसरा दोर आहे का? आणि भीती वाटते का? दुसरा प्रश्न विचारताना हसू नका.